भीमाच्या चुलीचा गिलावा

पोळ्यानंतरचा गुरुवार, सकाळ. ठिकाण: गावाच्या वरच्या अंगाचं, भीमाच्या चुलीचं टेकाड. हजर: आदिलाबादच्या कॉलेजातून आलेल्या इतिहासाच्या मॅडम, आमच्या सरपंचबाई, मिस्त्री, मी आणि मामाजी. गैरहजर: ज्यांना पाहायला आम्ही सगळे जमलो होतो ते दगड.

म्हणजे दगड होते. पण सिमेंटच्या आत होते.

मॅडम मोजपट्टी हातात तशीच धरून त्या नव्याकोऱ्या ओट्याकडे पाहत उभ्या होत्या. मामाजी त्याच ओट्याच्या कडेवर बसले, डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. टोपी गुडघ्यावर आली की गोष्ट सुरू होणार, आणि सुरू झाली की ती थांबवणं कुणाच्या हातात राहत नसे.

"तं पाहा बाई, भीमानं इथंच सैपाक केल्ता. हे तीन धोंडे म्हंजे चूल. अन् भवताल गोल गोटे होते ना, त्या पंगतीच्या जागा. हे खोटं असंन, तं खरं काय ते तुमी सांगा."

मॅडम हिंदीत एवढंच म्हणाल्या, "वो गोल कहाँ गया, मामाजी?"

मामाजींनी अभिमानानं ओट्यावर थाप मारली. "हे काय, याच्यातच हाय. सारे बसवून टाकले. आता एक बी हालत नाई."

मामाजींचं नाव मी लिहीत नाही. गावात लहान-मोठे सगळे त्यांना मामाजीच म्हणत. मी या गावची सून, म्हणून मीही तेच म्हणत आले. तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. विहीर का आटली विचारा, त्याच्याकडे गोष्ट आहे. अमक्या शेतात साप का निघतात विचारा, त्याचीही आहे. कामाचं विचारा, तर मात्र "पाहू". अंगानं उंच, कमरेत वाकलेले, एका कानात बाळी, तळहात सुपाएवढे. कपाशी आणि ज्वारी पेरायचे. शेत टेकाडाला लागून होतं, आणि नांगराला खापर लागलं की बैल उभे करून ते उचलून आणायचे. आतून काळी, बाहेरून तांबडी अशी ती खापरं. घरी कोनाड्यात त्यांची रास होती. घरी आलेल्याच्या हातात चहाच्या आधी खापर द्यायचे.

"घ्या. भीमाचं मडकं."

"एवढी मडकी फोडली त्यानं?" मी एकदा विचारलं होतं.

"भूक लागली तं मानूस काय काय फोडते, सूनबाई."

माझं आमच्या भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, पाइप, रंग, खिळे. गावाच्या समितीची चिटणीसही मीच, कारण कागद सांभाळायला दुसरं कोणी तयार नसतं. मला एका प्रश्नाचं एक उत्तर लागतं. मामाजींकडे एका प्रश्नाची चार असत, आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखंही वाटत नसे.

लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं की भीमानं या चुलीवर खिचडी शिजवली. पुढे गावच्या शाळेतल्या तेलुगू मास्तरांना सांगताना खिचडीचा जोंधळ्याचा घाटा झाला. मी तिथेच उभी होते. "मामाजी, खिचडी होती ना?" म्हटलं. "सक्काळी खिचडी, सांजच्याले घाटा," ते म्हणाले. एकदा इंद्रवेल्लीकडचे एक गोंड गृहस्थ पाहुणे आले. ते म्हणाले, आमची म्हातारी माणसं म्हणतात, असे दगड आमच्या जुन्या लोकांनी रोवले. मला वाटलं, आता तरी मामाजी अडकले. मामाजींनी त्यांना जवळ ओढून बसवलं. "मंग तेच तं! भीमानं तुमच्याच लोकायले जेवाले बोलावलं व्हतं. नाई तं एवढी पंगत कोनाची?" पाहुणे हसले, आणि त्या दिवसापासून गोष्टीत त्यांचीही पंगत बसली.

अशी ती गोष्ट जो येईल त्याला आत घेत गेली. ऐकायला बरी होती. पण मागच्या उन्हाळ्यात तिची खरोखर गरज पडली, तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला.

झालं असं. टेकाड सरकारी पडीक जमिनीत आहे. बाहेरगावच्या एका ठेकेदारानं रस्त्याच्या गिट्टीसाठी ते फोडायला मागितलं. आम्ही हरकतीची दरख्वास्त दिली. तहसीलमधल्या साहेबांनी ती नीट वाचली आणि सरळ सांगितलं, "देवाची जागा आहे असं प्रत्येक टेकडीबद्दल लिहून येतं. जागा जुनी आहे असं कुणा जाणकाराचं लेखी आणा, मी ठेका अडवून धरतो." मला ते पटलं. माझी मुलगी आदिलाबादच्या कॉलेजात शिकते. तिच्यामार्फत मी मॅडमना गाठलं आणि मामाजींच्या कोनाड्यातली काही खापरं पिशवीत घालून पाठवली.

मॅडम आठवड्याभरात आल्या. टेकाडावर तेव्हा घाणेरीचं रान माजलेलं होतं. तीन मोठे धोंडे तेवढे वर दिसत होते. भोवतीचं दगडांचं कडं झुडपांखाली पायाला लागत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. मॅडमनी फोटो काढले. फोटोत घाणेरी आली. तरी त्यांचे डोळे चमकत होते. आमच्या ओसरीत बसून त्यांनी समजावून सांगितलं. लोखंड नवं नवं वापरायला लागलेली माणसं आपल्या मेलेल्यांना पुरून भोवती दगडांचं कडं करत, सोबत मडकी ठेवत. अशी कडी पुष्कळ ठिकाणी आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी लोक ती पांडवांच्या नावावर लावतात.

"म्हणजे भीम आलाच नव्हता?" मी विचारलं.

"भीम का मुझे पता नहीं," त्या म्हणाल्या. "लेकिन कोई तो आया था. सवाल ये है कि पत्थर देख के कहानी बनी, या कुछ याद था इसलिए कहानी बची."

मला हा प्रश्न फार आवडला. कागदावर मांडता येण्यासारखा होता. मामाजींना तो मराठीत करून सांगितला, तर ते म्हणाले, "पोरगी हुशार हाय. जेवली का?"

जाताना मॅडम बजावून गेल्या. पावसाळा सरत आला की मी मोजमाप घेऊन नकाशा करीन आणि लेखी देईन. तोवर घाणेरी तेवढी विळ्यानं वरच्या वर कापा. दगड हलवू नका. माती उकरू नका. हे मी मामाजींना सांगितलं, सरपंचबाईंना सांगितलं, मिस्त्रीला सांगितलं, देवळाच्या भिंतीवर खडूनंही लिहिलं. याहून जास्त माणूस काय करू शकतो?

पोळ्याच्या आधी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला आदिलाबादला राहावं लागलं. परत आले ती मॅडम यायच्या आदल्या संध्याकाळी. दुकानात पाऊल टाकलं आणि सिमेंटची थप्पी खाली गेलेली दिसली.

"कुणी नेलं?"

"मामाजीनं," आमचे यजमान म्हणाले.

"कशाला?"

"चुलीले. देवाच्या कामाले सिमेंट नाई म्हनू काय?"

तुम्ही कधी घरी पाहुणा येणार म्हणून अंगण सारवलं असेल, तर काय घडलं ते तुम्हाला लगेच कळेल. घाणेरी कापली गेली. खाली कडं उघडं पडलं. कुठे दगड कललेला, कुठे अर्धा मातीत, कुठे दोघांमध्ये फट. मॅडमना तेच हवं होतं. मामाजींना मात्र त्यात लाज दिसली. एवढी शिकलेली पाहुणी शहरातून येणार आणि देवाच्या दारात गोटे असे विखुरलेले! त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. चार दिवस काम चाललं. कड्याचे दगड उपटून आत घेतले, रांगेत लावले, त्यांचा ओटा बांधला. तिन्ही धोंड्यांना कमरेपर्यंत गिलावा केला आणि वर शेंदरी ऑइलपेंट. कडेला पाणी जायला उतारही ठेवला होता. काम चांगलं होतं, हेच तर दुखणं.

तर त्या गुरुवारी मॅडम त्या ओट्याभोवती फिरल्या, खाली बसल्या, एका जागी नखानं गिलावा खरवडून पाहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की कडं गेलं. कुठला दगड कुठे होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ज्याचा नकाशा नाही त्याबद्दल त्या काही लिहून देणार नाहीत. एकच आशा होती. तीन धोंडे जागचे हललेले नव्हते. पूर्वेच्या धोंड्याचा गिलावा बुडापर्यंत, धक्का न लावता, छन्नीनं काढला, तर तो माणसानं रोवलेला आहे का हे खालच्या बांधणीवरून कळेल. तेवढं दिसलं तरी त्या लिहून देतील. काम करा, मला फोन करा, मी येते. गाडीत बसताना त्यांचा चेहरा असा होता की मलाच रडू यायला लागलं.

सरपंचबाईंनी मामाजींना तिथेच फैलावर घेतलं. "काऊन केलं वो मामाजी असं? सूनबाईनं भिंतीवर लिवून ठेवलं व्हतं ना! चार दिवस मीच इथून येता-जाता पाह्यत व्हती, मले वाटलं, पायऱ्या करून राह्यले!"

"पायऱ्या बी करतो ना," मामाजी म्हणाले. "राह्यल्याच त्या."

घरी येताना मी त्यांच्याशी भांडले. वडीलधाऱ्याशी बोलू नये अशा आवाजात भांडले.

"मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

"हात कुठं लावला? थापी लावली."

"मामाजी, ठेकेदार उद्या सुरुंग लावील, मग काय थापी दाखवाल त्याला?"

ते थांबले. टोपी काढली. रस्त्यात ठेवायला गुडघा नव्हता, म्हणून नुसतीच हातात धरली.

"सूनबाई, तू पावना येनार म्हंजे घर सारवतं. पावन्याले म्हनतं का, पाहा बाप्पा, माह्यं अंगन किती जुनं हाय, खड्ड्यानं भरलेलं हाय?"

"मला एक सांगा," मी म्हटलं. "एकच. खरंच भीम आला होता असं तुम्हाला वाटतं?"

चालता चालता ते म्हणाले, "माह्या बापानं मले लहानपनी चूल दाखोली. त्यानं भीम नाई पाह्यला. त्याच्या बापानं बी नाई. पन संक्रांतीच्या दुसऱ्या रोजी त्या चुलीवर मडकं चढते, अन् रस्त्यानं जो जाईन त्याले जेवल्याबिगर जाऊ देत नाई, हे म्या जल्मभर पाह्यलं. कोनी तं हे पयले सुरू केलं असंन ना? त्याचं नाव मले मालूम नाई. म्हनून भीम."

तुम्ही म्हणाल, किती छान बोलले. मलाही क्षणभर तसं वाटलं. पण हे दरख्वास्तीत लिहिता येत नाही. तहसीलच्या साहेबांसमोर "म्हणून भीम" चालत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मंग तू लिव ना बरोबर. तुले येते." आणि टोपी डोक्यावर ठेवून शेताकडे वळले.

गिलावा काढायला मात्र ते तयार झाले. मनापासून नाही, पण झाले. "म्याच लावला, म्याच काढतो. कापूस घरात येऊ दे." कापूस घरात येऊ लागला आणि मामाजी गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उठवलं तर उठले नाहीत. बोंडं वेचायला गेलेल्या बाया शेतातून तशाच धावत आल्या, ओटीतला कापूस कुणी खालीसुद्धा ठेवला नव्हता. मी दुकान बंद करून गेले. त्यांच्या कोनाड्यातली खापरं कुणीतरी घाईत परातीत काढून ठेवली होती, कारण समई ठेवायला जागा नव्हती. इतक्या वर्षांत त्या घरात खापर हाती न घेता मी पहिल्यांदाच बसले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चुलीवर नेहमीसारखं मडकं चढलं. नवा ओटा असल्यामुळे पंगत पहिल्यांदाच कोरड्या, सपाट जागेवर बसली. मी वाढत होते. माझ्यामागे सरपंचबाई एका परगावच्या बाईला सांगत होत्या:

"आमचे मामाजी व्हते ना, त्यायनं बांधला. एकट्यानं. एका रातीत."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी वळून पाहिलं. त्या अगदी गंभीर होत्या.

"ताई," मी म्हटलं, "चार दिवस लागले. तुम्ही येता-जाता पाहत होता. तुम्हीच म्हणालात ना, पायऱ्या करताहेत असं वाटलं?"

"पाह्यत व्हती ना," त्या म्हणाल्या. "पन एवढाले गोटे त्या वयाचा मानूस उचलन काय? तूच सांग. कोनी तं आलं असंन ना रातच्याले, हात लावाले."

"मिस्त्री होता! दोन मजूर होते! सिमेंट माझ्या दुकानातलं होतं!"

"सिमेंट असंन तुह्यं. सिमेंटले कोन नाई म्हनते?"

मी वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि मिस्त्रीला शोधून काढलं. तो पंगतीतच बसला होता. म्हटलं, या माणसानं स्वतःच्या हातानं ओटा बांधलाय, हा तरी नीट सांगेल.

"मिस्त्री, ओटा कुणी बांधला?"

"म्या. मामाजी संग व्हते."

"किती दिवसांत?"

"चार." मला हायसं वाटलं. मग त्यानं घास गिळला आणि आवाज खाली आणला. "पन बाई, खरं सांगू? कड्यातला मोठा गोटा आमी सांजच्याले सोडून गेल्तो, आमच्यानं हालला नाई. सकायी आलो तं जागेवर बसलेला. मामाजीले विचारलं तं नुस्ते हासले."

"मामाजींनी गावातली दोन पोरं लावून सरकवला असेल!"

"असंन," तो म्हणाला. "कोनं पाह्यलं?"

त्या दिवशी मी जेवले नाही. मॅडमचा प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता: दगड पाहून गोष्ट झाली, की काही आठवत होतं म्हणून गोष्ट उरली? इथे तर आठवणारी माणसं जिवंत आहेत, समोर पंगतीत जेवताहेत, आणि तरीही गोष्ट त्यांच्याच तोंडून पुढे निघून चालली आहे. त्यात खोटं किती? ओटा खरा, मामाजी खरे, मोठा दगडही खरा. रात्र तेवढी वाढवलेली. पुढे कुणी विचारील तेव्हा रात्रच तेवढी उरलेली असेल, आणि मी चार दिवस, चार दिवस म्हणत राहीन.

अडचण नुसत्या गोष्टीची असती तर मी सोडून दिलं असतं. पण आता गिलाव्याला छन्नी लावायला कुणी तयार होईना. मामाजींच्या मुलाला विचारलं. "बाबाचं शेवटचं काम हाय, काकू. म्या तोडू?" मिस्त्री दोनदा हो म्हणाला, दोनदा आला नाही. गिलावा निघत नाही, म्हणून धोंड्याचं बूड दिसत नाही. बूड दिसत नाही, म्हणून मॅडम लिहून देत नाहीत. त्यांचं लेखी नाही, म्हणून दरख्वास्त तहसीलमध्ये तशीच पडून आहे. आणि ज्यांना ते टेकाड सगळ्यांत प्यारं आहे, तेच लोक हे सगळं अडवून बसले आहेत.

शेवटी मीच ठरवलं. मागच्या महिन्यात एका दुपारी दुकानातली छन्नी आणि लहान हातोडी पिशवीत घातली आणि टेकाडावर गेले. ओट्यावर कुणीतरी ज्वारीची मूठ आणि फोडलेला नारळ ठेवला होता. मी पूर्वेच्या धोंड्यापाशी बसले. छन्नी काढली. टोक गिलाव्याला टेकवलं.

तेवढ्यात खालून मोटारसायकलचा आवाज आला. एक अनोळखी माणूस वर चढून आला. हातात मोजायची फीत, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं एकदा टेकाडाकडे आणि एकदा खालच्या रस्त्याकडे पाहिलं. कुणाचा माणूस हे विचारायची गरज नव्हती.

"ये क्या है, अम्मा? नया बना दिखता."

छन्नी मी पदराखाली घेतली. मला सगळं नीट ठाऊक होतं. दिवस ठाऊक होते, मिस्त्री ठाऊक होता, सिमेंट कोणत्या थप्पीतून गेलं तेही ठाऊक होतं.

"एक बूढ़े आदमी ने बनाया," मी म्हटलं. "अकेले. एक रात में. बाद में वो चल बसे."

त्यानं ओट्याच्या तिन्ही धोंड्यांवरून नजर फिरवली. मग फीत खिशात टाकली, बूट काढले, नारळापाशी हात जोडले आणि काही न मोजता खाली उतरला.

ठेकेदार आणखी कुणाला पाठवील, हे मला कळतं. अशा बोलण्यानं ठेका अडत नाही, कागदानं अडतो. मॅडमचा परवाही फोन येऊन गेला: झालं का काम? मी म्हटलं, करते.

बाकी काम: चुलीच्या पूर्वेकडच्या धोंड्याचा गिलावा, बुडापर्यंत, धक्का न लावता काढणे. कोणी करायचं, त्यापुढे अजून नाव घातलेलं नाही.